शॉकअप, दुचाकीचे पुढील

दुचाकीचा सांगाडा पुढील चाकाशी जोडणारी, रस्त्याच्या उंचसखलपणामुळे चाकाला बसणारे आघात स्प्रिंगमध्ये झेलून तेलाच्या द्वारे उष्णतेच्या रूपाने जिरवणारी, दोन समांतर पायांची यांत्रिक योजना, म्हणजेच फोर्क. स्वाराच्या अंगाला हादरे बसू नयेत एवढ्यापुरताच तिचा उपयोग आहे, ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी ती अपुरी आहे. पुढील टायर जमिनीला अखंड टेकलेला ठेवणे हे तिचे मुख्य कार्य होय, कारण जो टायर क्षणभर जरी अधांतरी राहिला, त्याच्या आधारे त्या क्षणी गाडी वळवताही येत नाही आणि रोखताही येत नाही.

एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा व तेलाने अवमंदन होणारा फोर्क जर्मनीतील बीएमडब्ल्यू कारखान्याने १९३५ साली आपल्या आर १२ या गाडीवर बसवला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो जगभर मान्य झाला. भारतात वेस्पा धर्तीच्या स्कूटरींचे पुढील चाक दीर्घकाळ एकाच बाजूने धरलेल्या आखूड बाहूवर झुलत राहिले. पुढे १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर यांच्या प्रसाराबरोबर नळ्यांचा फोर्क खेडोपाडी पोचला. या सुट्या भागांच्या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा मोठा असून १९६१ साली स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया आणि १९८५ साली औरंगाबादेत उभी राहिलेली एन्ड्युरन्स ही त्यांतील प्रमुख नावे होत.

बुलढाणा जिल्ह्यात या योजनेची जेवढी कसोटी लागते तेवढी सपाट डांबरी शहरांत लागत नाही. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा व मलकापूर या भागांत, जमीन खोल व काळी असून ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरून नेलेल्या सडकेच्या पृष्ठभागावर लाटा उठवते. या पट्ट्यातून घाटमाथ्यावर यावयाचे तर मोताळ्याकडून राजूरचा घाट चढावा लागतो, किंवा खामगावाहून ज्ञानगंगा अभयारण्यातील बोथ्याच्या वाटेने यावे लागते. तेथे सतत वळणे व सतत ब्रेक. मेहकर, लोणार व सिंदखेड राजा या भागांतून समृद्धी महामार्ग जातो खरा, परंतु त्यावर दुचाकीला मज्जाव असल्याने येथील शेतकऱ्याचा, दूधवाल्याचा आणि शिक्षकाचा नित्याचा प्रवास जुन्या सडकांवरून व शेतांकडे जाणाऱ्या पांदणींतूनच होतो.

समायोजनाचा विचार बैठकीपासून सुरू करावा. चाक अधांतरी असताना फोर्क जेवढा लांब असतो, त्याहून स्वार बसल्यावर तो जेवढा आखूड होतो, ती तफावत म्हणजे बैठक. साध्या प्रवासी मोटारसायकलीच्या पुढील फोर्काची एकूण चाल सुमारे १२० मिलिमीटर धरली, तर बैठक तिच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ३० ते ४० मिलिमीटर असावी. याहून अधिक बसणारा फोर्क खड्ड्यात तळाला आदळतो. याहून कमी बसणाऱ्या फोर्काला चाक खळग्यात उतरवण्यासाठी खाली पसरायला जागाच उरत नाही, म्हणून ते खळग्यावरून उडत जाते. स्प्रिंगच्या डोक्यावर चकती किंवा नळीचा तुकडा ठेवून पूर्वदाब वाढवला की बैठक कमी होते. मात्र त्यामुळे स्प्रिंग मूळची कडक होत नाही, केवळ गाडीचा पुढील भाग उचलला जातो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे चकत्यांवर चकत्या चढवूनही ज्याची गाडी तळाला आदळतच राहते, त्याला गरज पूर्वदाबाची नसून अधिक ताठ स्प्रिंगची असते.

परंतु ज्या विषयाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि ज्याचे फळ सर्वांत मोठे आहे, तो म्हणजे तेल. रोजच्या वापरातील मोटारसायकलींच्या पुढील शॉकअपला बाहेरून फिरवण्याजोगा खटका बहुधा नसतोच. मागील शॉकअपला टप्प्याटप्प्यांचे कडे असते व ते पान्याने फिरवता येते, म्हणून लोक मागचाच विचार करतात आणि पुढचा भाग कायमचा मोहोरबंद आहे असे गृहीत धरतात. वास्तविक त्या बंद नळीतील तेलाची श्यानता व त्याची पातळी या दोहोंनीच तिचा स्वभाव ठरतो. नळी दबताना व परतताना तेल अरुंद छिद्रांतून ढकलले जाते. तेल घट्ट असेल तर परतीची गती मंदावते, पातळ असेल तर स्प्रिंग दाबून सोडल्याप्रमाणे चाक उसळते. खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर एकामागून एक धक्के येतात, तेव्हा घट्ट तेलाचा फोर्क पहिल्या धक्क्यातून पूर्ण वर येण्याआधीच दुसरा धक्का खातो, हळूहळू खाली बसत जातो व शेवटी चालच शिल्लक न राहिल्याने दगडासारखा वागू लागतो. नेमके याच वेळी स्वार शॉकअप मऊ झाले अशी तक्रार करतो आणि मिस्त्री आणखी घट्ट तेल, कित्येकदा इंजिनाचेच तेल, भरून देतो. रोग वाढवणारी ही तजवीज थांबली पाहिजे. शिवाय विदर्भाच्या उन्हाळ्यात तेल पातळ होते आणि घाटमाथ्यावरील पौषातल्या पहाटे तेच घट्ट बनते, हेही ध्यानात ठेवावे.

तेलाच्या पातळीचा परिणाम याहून वेगळा आहे. तेलावर राहिलेली हवा ही स्वतः एक स्प्रिंगच असते. तेल वाढवले की हवेची जागा घटते आणि बॉइलच्या नियमानुसार चालीच्या शेवटच्या भागात दाब झपाट्याने चढतो. त्यामुळे लहान धक्क्यांवर मऊ राहून मोठ्या खड्ड्यात न आदळणारा फोर्क थोड्या तेलाच्या भरीने साधता येतो. पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर काढून व नळी पूर्ण दाबून मोजावी, बदल काही मिलिमीटरांचाच करावा, आणि दोन्ही पायांत ती तंतोतंत सारखी ठेवावी. अतिरिक्त तेलाने सील फुटते.

ब्रेक लावताना गाडी पुढे झुकते, हा फोर्काचा दोष नसून गतिशास्त्राचा नियम आहे. गाडी व स्वार मिळून १८० किलोग्रॅम, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आणि दोन आसांतील अंतर १२५ सेंटिमीटर असे धरून गुरुत्वप्रवेगाच्या निम्म्या दराने वेग कमी केला, तर पुढील चाकावर सुमारे ४३ किलोग्रॅमचा भार नव्याने येतो. फोर्क दबल्याने त्याचा तिरपेपणा घटतो व गाडी वळण्यास चपळ होते. घाट उतरताना वळणाआधी हळुवार ब्रेक लावणारा जुना चालक हा लाभ अनुभवाने घेतो. उलट, बियाण्याच्या पिशव्या किंवा ४५ किलोग्रॅमचे युरियाचे पोते मागे बांधले आणि मागील भाग ४ सेंटिमीटर खाली बसला, की तिरपेपणा सुमारे १.८ अंशांनी वाढतो व गाडी वळायला जड आणि पुढे हलकी वाटते. अशा वेळी पुढील शॉकअपला हात न लावता मागील कडे वरच्या टप्प्यावर न्यावे. पुढच्याची तक्रार पुष्कळदा मागच्याच्या उपायाने मिटते.

पुढील भागावरील भारावर वळणे अवलंबून असते, हे तत्त्व बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलमध्येही दिसते. क्युबेकमधील बोम्बार्डिए कारखान्याची स्की-डू १९५९ साली बाजारात आली. अशा यंत्राला पुढे चाकाऐवजी दोन पट्ट्या असतात, आणि पुढील स्प्रिंगचा पूर्वदाब त्या पट्ट्या बर्फात किती रुततील हे ठरवतो. तो कमी पडला तर यंत्र वळणाबाहेर सरकते, जास्त झाला तर सुकाणू हाताला जड होते. गुलमर्गच्या उतारावरील यंत्र आणि नांदुऱ्याच्या पांदणीतील मोटारसायकल यांत एवढे साम्य आहे की पुढील भाराचे माप चुकले तर दोन्ही चालकाचे ऐकत नाहीत.

दुरुस्तीपूर्वी काही गोष्टी तपासून घ्याव्यात: हँडलच्या मानेतील बॉल रेस सैल नाहीत ना, टायरमध्ये हवा पुस्तिकेप्रमाणे आहे ना, आणि गाडी पडल्यानंतर दोन्ही पाय समांतर राहिले आहेत ना. काळी माती मडगार्ड व टायर यांच्यामध्ये थापली जाऊन चाक जाम करते आणि वाळल्यावर तिचे कण चकचकीत नळीवर ओरखडे पाडतात. नळीवर तेलाची रेघ दिसू लागते ती बहुधा यामुळेच. नळीवर रबरी आवरण चढवणे हा यावर स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. गळकी सील केवळ पुसून वापरू नये, कारण तेच तेल पुढील ब्रेकवर उतरते. पावसाळा संपताच, रब्बीची पेरणी सुरू होण्याआधी, चिखल धुऊन दोन्ही पायांचे तेल व सील पाहून घ्यावे. या कामाचा खर्च एका नव्या टायरच्या किमतीहून कमी असतो.