महागड्या केबलचा पूर्वपक्ष

नवा टीव्ही घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक सल्ला येतोच. दुकानातला विक्रेता बिल करता करता तो देतो: "साहेब, सत्तर हजारांचा टीव्ही घेतलात, आता तीनशेची वायर लावून त्याची माती करू नका." मग काचेच्या कपाटातून जाळीदार वेष्टनाची, सोनेरी टोकांची, चार हजारांची एचडीएमआय केबल बाहेर निघते. घरी भाचा म्हणतो, बरोबर आहे. गाण्याचा शौक असलेला ऑफिसातला मित्र म्हणतो, चार हजारांची घेतलीस? माझी तर बारा हजारांची आहे. हे मत इतकं सर्वमान्य झालंय की त्याला कुणी प्रमाण मागत नाही. इथे ते मागायचं आहे.

खंडनाची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनिशी मांडावा. दुबळं करून मांडलेलं मत पाडण्यात पुरुषार्थ नाही. तर पूर्वपक्ष म्हणतो: चित्र आणि आवाज सिग्नलच्या रूपाने तारेतून जातात. वाटेत सिग्नल क्षीण होतो, बाहेरचा गोंगाट त्यात मिसळतो. तांबं शुद्ध, जाडी पुरेशी, आवरण चांगलं आणि टोकांवर सोन्याचा मुलामा असेल तर ही हानी कमी होते. म्हणून महाग केबलने काळा रंग गडद दिसतो, कडा रेखीव होतात, आवाज मोकळा होतो. आणि हे आम्ही स्वतः पाहिलंय, ऐकलंय.

यातला हानीचा भाग आजही खरा आहे, आणि एके काळी हे सगळंच खरं होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे कितीतरी वर्षं गच्चीवर एकजण अँटेना फिरवायचा आणि खालून दुसरा "आलं, आलं... गेलं!" असं ओरडायचा. नंतर केबलवाला आला. त्याने जिन्यातून ओढलेल्या वायरला सतरा जोड असले की पडद्यावर मुंग्या यायच्या, नटाच्या शेजारी त्याचीच फिकट आकृती उभी राहायची. अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये वायरीतला प्रत्येक दोष थेट चित्रात उतरतो, त्यामुळे चांगली आरजी-६ वायर टाकली की चित्र खरोखर सुधारायचं. आजचं मत त्या अनुभवातून आलंय, त्याला कोरडं अज्ञान म्हणणं अन्यायाचं होईल. पण मुंबईत अ‍ॅनालॉग केबल प्रक्षेपण थांबवण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, पुणे-नागपूरसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३. त्यानंतर मुंग्या गेल्या. आता बिघाड झाला की चित्राचे चौकोन होतात किंवा ते थिजतं. बिघाडाची जातच बदलली, आणि मत मात्र जुन्या बिघाडावरच उभं आहे.

एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मधला. तो पहिल्यापासून डिजिटल. या केबलमधून चित्र जात नाही, आकडे जातात. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर सेकंदाला ४.४५५ गिगाबिट, ४के चित्र तितक्याच वेळा पाठवायचं तर १७.८२ गिगाबिट. टीव्हीला प्रत्येक बिटबद्दल एवढंच ठरवायचं असतं की हा शून्य की एक. सिग्नल थोडा मळला तरी शून्य शून्यच वाचला जातो. पार मळला तर वाचण्यात चूक होते, आणि ती चूक कशी दिसते हे ज्याने पाहिलंय तो विसरत नाही. काळ्या प्रसंगात एखादा पांढरा ठिपका चमकून जातो, मग दहा-वीस चमकतात, एखादी आडवी रेघ उमटते; मग अख्खा पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होतो, आवाजासकट परत येतो, पुन्हा जातो. केबल कमी पडते ती अशी. "चित्र जरा मवाळ वाटतं" अशी पायरी या जिन्यात नाही.

इथे पूर्वपक्षाच्या सर्वांत लाडक्या दाव्याकडे वळू: काळा रंग अधिक गडद होतो. हे घडायचं तर केबलला प्रत्येक ठिपक्याचे आकडे वाचून त्यांतले काळसर ठिपके ओळखावे लागतील, आणि नेमक्या त्याच ठिपक्यांचे आकडे कमी करून पुढे पाठवावे लागतील. तांब्याच्या तारेकडून ही अपेक्षा म्हणजे कमालच झाली. तरी वादासाठी तेही मान्य करू. ओटीटीवरचा सिनेमा किंवा डिस्कवरचा, दोन्ही केबलमध्ये शिरण्यापूर्वी एचडीसीपी या पद्धतीने कुलूपबंद होतात. त्याची किल्ली प्लेअर आणि टीव्ही आपसात ठरवतात. वाटेतल्या तारेतून जे जातं ते केबलच्या दृष्टीने निव्वळ आकड्यांची भेळ असते. त्यात काळा कुठला आणि गोरा कुठला हे शोधायला किल्ली हवी, आणि ती केबलकडे नाही. तेव्हा "काळा गडद करणारी केबल" हा दावा नुसता असिद्ध नाही, तो असंभव आहे.

पूर्वपक्षातले अभ्यासू लोक यावर 'जिटर'चा मुद्दा काढतात: आकडे बरोबर पोचले तरी त्यांची वेळ मागेपुढे होते आणि आवाज बिघडतो. हा आक्षेप त्यातल्या त्यात दमदार. एचडीएमआयमध्ये आवाजाचं घड्याळ स्वतंत्र तारेने येत नाही, ते चित्राच्या घड्याळावरून दोन आकड्यांच्या आधारे पुन्हा घडवलं जातं. पण घडवतं कोण? घेणारं यंत्र, म्हणजे तुमचा साउंडबार किंवा अ‍ॅम्प्लिफायर. ते काम नीट होतं की नाही हा त्या यंत्रातल्या सर्किटचा गुण किंवा दोष. तेव्हा जिटरची चिंता असलेल्याने चार हजार रुपये अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीत घालावेत.

सोन्याबद्दल थोडक्यात. वीज वाहून नेण्यात चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं तिसरं. सोन्याची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ७० टक्के. मग मुलामा का? कारण सोनं काळं पडत नाही. रत्नागिरी-मालवणला खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर चढतो तिथे हा मुलामा उपयोगाचा आहे, आणि तो इतका पातळ असतो की तीनशेच्या केबललाही परवडतो.

राहिला तो अनुभवाचा दाखला. प्रत्यक्षापुढे अनुमान टिकत नाही, असं म्हणून पूर्वपक्ष इथे छाती पुढे काढतो. पण आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्षालाही अट घातलेली आहे: ते व्यभिचाररहित हवं, म्हणजे आज साप दिसला आणि उद्या दोरी, असं चालणार नाही. केबलची किंमत माहीत असताना ऐकलेला फरक या अटीत बसतो का? किंमत झाकून ऐकवल्यावर तो टिकतो का? उच्च दर्जाच्या डिस्कबाबत असा प्रयोग झालेला आहे. मायर आणि मोरन या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. सुपर ऑडिओ सीडीचा आवाज एकदा थेट, आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून, कुठला कुठला ते न सांगता ऐकवला. ५५४ वेळांपैकी बरोबर उत्तरं आली २७६, म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढंच आलं असतं. ऐकणाऱ्यांत नादखुळे होते, ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातलेही होते.

दुकानातल्या 'प्रत्यक्षा'ची तर वेगळीच तऱ्हा. दोन टीव्ही शेजारी मांडलेले, एकाला महाग एचडीएमआय आणि दुसऱ्याला जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर. फरक दिसणारच! पिवळ्या वायरीतून अ‍ॅनालॉग चित्र येतंय. तुलना महागाची स्वस्ताशी नसून डिजिटलची अ‍ॅनालॉगशी आहे, आणि गिऱ्हाईक निष्कर्ष मात्र पहिला काढून घरी जातं.

आता मंडन. 'सगळ्या केबल सारख्याच, सगळ्यांत स्वस्त ती उचला' असं कुणी यावरून समजेल, तर तेही तितकंच चुकीचं. केबल आपल्या कामाला पुरते किंवा पुरत नाही. पुरते की नाही हे ठरतं तिच्या वर्गावर आणि लांबीवर. ४के चित्र ६० वेळा पाठवायचं तर 'प्रीमियम हाय स्पीड' वर्ग, १८ गिगाबिटला तपासलेला. व्हिडिओ गेमसाठी १२० वेळा पाठवायचं तर 'अल्ट्रा हाय स्पीड', ४८ गिगाबिटला तपासलेला. प्रमाणित केबलच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं. मोबाइलवर मोफत अ‍ॅप घेऊन ते दुकानातच तपासता येतं. 'अल्ट्रा हाय स्पीड' हे शब्द केबलच्या अंगावरही छापलेले असावे लागतात. उलट खोक्यावर मोठ्या अक्षरांत नुसतंच 'एचडीएमआय २.१ केबल' लिहिलेलं असेल तर सावध व्हा. आवृत्तीचा आकडा केबलच्या वर्गाचं नाव नाही, आणि केबलवर तो वापरायला नियमाने मनाई आहे.

दोन मीटरची प्रमाणित केबल स्वस्त मिळते आणि पुरते. पाच मीटरच्या पुढे मात्र साध्या तांब्याची दमछाक सुरू होते. तिथे प्रकाशतंतूची अ‍ॅक्टिव्ह केबल घ्यावी लागते. तिला दिशा असते, एक टोक प्लेअरचं आणि एक टीव्हीचं; उलटी लावली तर चित्र येत नाही. आणि केबल भिंतीत गाडायची असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून कन्सील पाइप असा जाड घाला की एचडीएमआयचं डोकं त्यातून पार जाईल, आत एक ओढायची तारही सोडून ठेवा. पाच वर्षांनी वर्ग बदलला की भिंत फोडायची पाळी येत नाही. फर्निचर आणि पीओपीवर लाखभर घालणारी माणसं या पाइपाकडे हमखास दुर्लक्ष करतात.

एका तारेच्या बाबतीत पूर्वपक्ष अजूनही निम्मा जिवंत आहे: स्पीकरची. ती आजही अ‍ॅनालॉग, त्यामुळे तिचा रोध मोजावा लागतो. दीड स्क्वेअर एमएमच्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १३.३ ओहम. स्पीकर दहा मीटरवर असेल तर जायची-यायची मिळून वीस मीटर, म्हणजे ०.२७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा सुमारे सव्वातीन टक्के, आवाजात पाव डेसिबलच्या आसपास घट. कुणाला ऐकू येणार नाही. चार ओहमचा स्पीकर असेल तर अडीच स्क्वेअर घ्या, प्रश्न मिटला. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ही तार मीटरवर मिळते. तिथे फसवणूक वेगळी होते: तांब्याच्या नावाखाली तांब्याचा पातळ थर चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम खपवतात, ज्याचा रोध तांब्याच्या दीडपटीपेक्षा अधिक. ओळखायला सोपं आहे. एक तंतू सोलून त्यावर ब्लेड हलकेच घासा. आतून पांढरा निघाला तर तार परत करा. खरं तांबं आतपर्यंत तांबूसच.

मग पैसा फरक कुठे पाडतो? प्लेअरमध्ये, पण तिथेही लोक भलतीकडेच खर्चतात. केबलवर चार हजार घालणारा माणूस टीव्ही बॉक्स मात्र पंधराशेचा, कुणाचंच नाव नसलेला आणतो. त्यावर 'फोर-के' लिहिलेलं असतं, आणि नेटफ्लिक्स लावलं की चित्र धूसर. कारण तारेत नाही. वाइडवाइन एल-वन हे संरक्षणाचं प्रमाणपत्र ज्या यंत्राला नाही, त्याला अशा सेवा बहुधा ४८० रेषांच्याच दर्जाचं चित्र देतात. शिवाय अशा बेनामी खोक्यांपैकी काहींत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून आल्याचं २०२३ मध्ये उघडकीला आलं. नावाजलेल्या कंपनीची प्रमाणित स्टिक त्याहून फार महाग नसते. घरात आणायची तर ती.

आणि सगळ्यांत मोठा फरक मुळात असतो. ४के डिस्कवरचं चित्र सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतं. नेटफ्लिक्स ४के साठी इंटरनेटचा वेग मागतं १५ मेगाबिट. दोन्ही उलगडून तुमच्या केबलमध्ये शिरतात तोवर चित्राचा दर्जा ठरून गेलेला असतो. जुन्या मराठी नाटकांच्या डीव्हीडी अनेक घरांत आहेत. डीव्हीडीवरचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, ४के पडद्यावर त्याच्या बरोबर वीसपट ठिपके. वीसातले एकोणीस कुणीतरी अंदाजाने भरायचे असतात, आणि ते काम टीव्हीतला प्रोसेसर करतोच. म्हणून डीव्हीडीसाठी महाग प्लेअर घेण्यात अर्थ नाही, एचडीएमआय असलेला साधा पुरे. व्हीसीडीवर तर ३५२ गुणिले २८८ एवढेच ठिपके. तिथे चार हजारांची केबल म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. परदेशातून डिस्क मागवणाऱ्यांनी केबलऐवजी विभागाची काळजी करावी: अमेरिकेच्या ब्लू-रे डिस्क बहुधा 'ए' विभागाच्या, आपल्याकडचे प्लेअर 'सी' विभागाचे, त्यामुळे त्या चालतीलच असं नाही. ४के डिस्कना हे बंधन नाही.

तेव्हा पुढच्या वेळी विक्रेता "फरक स्पष्ट दिसतो" म्हणाला तर वाद घालू नका. एकाच टीव्हीला, एकाच प्लेअरमधून, त्याची चार हजारांची आणि तुमची तीनशेची प्रमाणित केबल लावायला सांगा. कुठली कधी लावली ते त्याच्या सहकाऱ्याने कागदावर लिहावं, विक्रेत्याने पाठ फिरवून उभं राहावं आणि मग पडद्याकडे बघून उत्तर द्यावं. दहा वेळा. दहापैकी नऊ बरोबर आली तर महाग केबल जरूर घ्या, आणि एवढं करूनही नंतर शंका आलीच तर परत करता यावी म्हणून पावती जपून ठेवा.