सहा गठ्ठे आणि कानबान बोर्ड: नगरच्या कचेरीत ‘अ‍ॅजाईल’ होतं का?

माझ्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘सॉफ्टवेअरमध्ये २००१ साली मांडलेली अ‍ॅजाईल पद्धत नगरच्या कलेक्टर कचेरीत वीस वर्षं आधीच वापरात होती.’ वाक्य लिहिताना मी भलताच खूश होतो. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहून मसुदा परत दिला: ‘कशावरून?’

आजची पोस्ट त्या एका शब्दाबद्दल आहे. प्रस्ताव लिहायला बसलेल्या बहुतेकांच्या मसुद्यात असं एखादं वाक्य असतंच: ‘हे आपल्याकडे आधीपासून होतं.’ कधी ते खरं असतं, कधी अर्धं खरं. त्यातलं किती खरं हे तपासायचं कसं, ते मी माझ्याच उदाहरणावरून सांगतो.

आधी नगरची गोष्ट

अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरहून थोडा जास्त. आज त्यात १४ तालुके आहेत. एका टोकाला अकोले, दुसऱ्या टोकाला जामखेड. तिथून जमिनीच्या कामासाठी कलेक्टर कचेरीत आलेल्या माणसाला ‘साहेब, फाईल सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या’ असं सांगितलं, की त्याचा एक दिवस, एक मजुरी आणि एसटीचं भाडं वाया जातं. फाईल हरवलेली नसते. ती कुठल्या तरी टेबलावर, कुठल्या तरी ढिगात असते. कुठल्या, ते कुणालाच ठाऊक नसतं.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना नगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीच्या कामाची जी फेररचना केली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत असलेल्या कुणालाही विचारा, नाव ऐकलेलं असतं. त्यातला सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे सहा गठ्ठे. प्रत्येक कारकुनाने आपल्या टेबलावरचा कागद न् कागद सहापैकी एका गठ्ठ्यात ठेवायचा:

१. प्रलंबित प्रकरणं, म्हणजे ज्यांवर मलाच काहीतरी करायचं आहे.
२. प्रतीक्षाधीन प्रकरणं, म्हणजे माझं काम झालं, पण दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट आहे.
३. नियतकालिकं, म्हणजे ठरावीक तारखेला पाठवायचे अहवाल.
४. स्थायी आदेश संचिका, म्हणजे वारंवार लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रकं.
५. काम संपलेली, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं.
६. ‘ड’ वर्गाचे, मुदत संपली की नष्ट करायचे कागद.

यातल्या शेवटच्या दोन गठ्ठ्यांमागे अभिलेखांचं जुनं वर्गीकरण आहे. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क-१’ दहा वर्षं, ‘क’ पाच वर्षं आणि ‘ड’ एक वर्ष. आवक-जावक बारनिशी, कार्यविवरण नोंदवही, गोषवारा ही साधनंही नवीन नव्हती. महसूल खात्याच्या कामकाजात ती होतीच. पण नोंदवहीतली माहिती नोंदवही उघडल्यावरच कळते. गठ्ठा टेबलासमोर उभ्या माणसाला दिसतो. पहिला गठ्ठा जाड आणि पाचवा रिकामा असेल, तर त्या टेबलावर काय चाललंय हे अधिकाऱ्याला एकही प्रश्न न विचारता कळतं.

माझ्या मते खरी चलाखी दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. ‘वाट पाहणं’ ही कामाची वेगळी अवस्था आहे, हे त्याने मान्य केलं. तहसीलकडून अहवाल यायचाय म्हणून अडकलेली फाईल आणि कारकुनाने हातच न लावलेली फाईल एकाच ढिगात असतील, तर दोन्ही सारख्याच ‘पेंडिंग’ दिसतात. वेगळ्या केल्या, की पहिलीवर स्मरणपत्र काढायचं आणि दुसरीवर काम करायचं हे आपोआप ठरतं.

आता सॉफ्टवेअरकडे

सॉफ्टवेअरचा इतिहास पाठ्यपुस्तकात साधारण असा येतो: आधी वॉटरफॉल होतं, मग फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले, त्यांनी चार मूल्यांचा आणि बारा तत्त्वांचा जाहीरनामा लिहिला आणि अ‍ॅजाईल सुरू झालं. परीक्षेला हे चालतं, संशोधनाला नाही.

वॉटरफॉलचं मूळ म्हणून विन्स्टन रॉईस यांच्या १९७० च्या लेखाचा हवाला दिला जातो. तो लेख मिळवून वाचा, जेमतेम अकरा पानांचा आहे. त्यात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही, आणि पायऱ्यांची ती प्रसिद्ध आकृती दाखवून झाल्यावर रॉईस लगेच सांगतात, की असं काम करणं धोक्याचं आहे. न वाचता हवाला दिला की काय होतं, याचं हे नेहमीचं उदाहरण.

दुसरीकडे क्रेग लार्मन आणि व्हिक्टर बॅसिली यांनी २००३ साली एका लेखात दाखवून दिलं, की तुकड्यातुकड्यांनी, फेऱ्याफेऱ्यांनी सॉफ्टवेअर बनवणं जाहीरनाम्याच्या कितीतरी आधीचं आहे. नासाच्या मर्क्युरी प्रकल्पात ते होतं. म्हणजे ‘आधीपासून होतं’ असंच त्यांचंही म्हणणं. मग त्यांचं वाक्य संशोधन आणि माझं वाक्य बढाई का? कारण त्यांनी दुवा दाखवला. मर्क्युरीवर काम केलेली काही माणसं पुढे आयबीएममध्ये गेली आणि ती पद्धत सोबत घेऊन गेली. साम्याच्या जोडीला त्यांच्याकडे वहनाचा पुरावा होता.

कानबानचाही दुवा स्पष्ट आहे. टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी रुजवलेली कार्डांची पद्धत, तीच कल्पना नावासकट सॉफ्टवेअरमध्ये आली. डेव्हिड अँडरसन यांनी तिला सॉफ्टवेअरचं रूप दिलं. त्यांचं सुरुवातीचं, २००४-०५ मधलं प्रसिद्ध उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या एका देखभाल गटाचं आहे, आणि तो गट बसत होता हैदराबादला. कामं साचलेली, एक विनंती पूर्ण व्हायला पाच-पाच महिने. शोध घेतल्यावर कळलं, की गटाचा बराच वेळ येणाऱ्या प्रत्येक विनंतीला किती दिवस लागतील याचा अंदाज बांधण्यातच जातो. अंदाज बंद केले, एका वेळी हातात घ्यायच्या कामांवर मर्यादा घातली आणि वर्षभराच्या आत तो काळ काही आठवड्यांवर आला. माणसं जवळपास तीच होती.

नगर आणि कानबान यांच्यात असा कुठलाही दुवा मला मिळालेला नाही. माझ्या वाक्याचा निम्मा भाग इथेच गळून पडला.

साम्य कुठे टिकतं, कुठे तुटतं

उरलेला निम्मा भाग साम्याचा. ते खोटं नाही. कारकुनाचं टेबल आणि प्रोग्रामरचा संगणक, दोन्हीकडे अडचण एकच: काम डोळ्यांना दिसत नाही. भिंत किती बांधून झाली हे रस्त्यावरून दिसतं. फाईल किंवा कोड किती झाला हे दिसत नाही. म्हणून दोन्हीकडे लोकांनी कामाला जागा दिली, इथे गठ्ठा, तिथे बोर्डावरचा रकाना. सारख्या अडचणीवर सारखं उत्तर स्वतंत्रपणे सुचू शकतं.

पण तीन ठिकाणी हे साम्य तुटतं.

पहिलं, फाईलचा शेवट माहीत असतो. नियम आहे, मुदत आहे, सही कुणाची हेही ठरलेलं आहे. सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय बनवायचंय हेच सुरुवातीला कुणाला पुरतं माहीत नसतं. अ‍ॅजाईलचा गाभा तिथे आहे: थोडं बनवा, वापरणाऱ्याला दाखवा, चुकलं असेल तर दिशा बदला. सहा गठ्ठे हे काम करत नाहीत आणि करायचा दावाही करत नाहीत. म्हणून त्यांची तुलना करायचीच तर कानबानशी करावी, सगळ्या अ‍ॅजाईलशी नाही.

दुसरं, कारकुनाला ‘नाही’ म्हणता येत नाही. हैदराबादच्या गटाने मर्यादा घातली, कारण काम सोपवणाऱ्यांनी ती मान्य केली. कचेरीत टपाल येतच राहतं आणि प्रत्येक कागद बारनिशीत चढतोच. पहिला गठ्ठा कितीही जाड होऊ शकतो. पद्धत जाडी दाखवते, रोखत नाही.

तिसरं, बोर्डावरचे रकाने कोण बदलू शकतं? अ‍ॅजाईलच्या बाराव्या तत्त्वानुसार गटाने ठरावीक काळाने स्वतःच्या कामाकडे पाहून पद्धतीत फेरफार करायचे असतात. कचेरीत गठ्ठे सहा म्हणजे सहाच. याचा एक मोठा फायदाही आहे: कारकुनाची बदली झाली, तरी नवा माणूस पहिल्या दिवशी त्या टेबलावर बसून काम वाचू शकतो. पण सातव्या गठ्ठ्याची गरज पडली, तर तो करायचा अधिकार त्या टेबलाला नाही.

मग महत्त्वाचं काय?

हे सगळं लिहून काढल्यावर ‘आधी कोण’ हा प्रश्न मला फिका वाटायला लागला. त्याच्या जागी दुसरा आला: कारकून बदलला तरी चालेल अशी ही पद्धत, मग अधिकारी बदलल्यावर तिचं काय होतं?

याची खूण कायद्यातही सापडते. महाराष्ट्राने २००५ साली केलेल्या कायद्याच्या लांबलचक नावात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि कर्तव्य पार पाडताना होणाऱ्या विलंबाला प्रतिबंध. बदली आणि दिरंगाई एकाच कायद्यात! या मागण्यांसाठी आंदोलन करणारे अण्णा हजारे याच जिल्ह्यातल्या, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं हा कायदा सांगतो. एका टेबलाची मुदत आणि अंतिम निर्णयाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यात धरलेलं आहे. हा फरक लक्षात ठेवा. दहा टेबलांनी प्रत्येकी सात दिवस पाळले, तरी अर्जदाराचे सत्तर दिवस गेलेले असतात. सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक जण ‘माझं काम वेळेत झालं’ म्हणतो आणि ग्राहक तरीही वाट पाहत असतो.

मग २०१७ साली पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ मोहीम हाती घेतली. त्यात पुन्हा अभिलेखांचं वर्गीकरण, पुन्हा सहा गठ्ठे. तीस वर्षांनी तीच पद्धत मोहीम म्हणून परत आणावी लागली, याचे दोन अर्थ निघतात. एक, पद्धत इतकी उपयोगी होती की विसरली गेली नाही. दोन, ती रोजची सवय म्हणून सगळीकडे टिकली नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, आणि माझा शोध आता या दोहोंमधल्या जागेत चालू आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांतही व्यवस्थापक बदलला की उभ्याने होणारी सकाळची बैठक चालूच राहते, पण अडलेलं काम सोडवायचं थांबतं. बोर्ड भिंतीवर असतो, कार्डं महिनाभर जागची हलत नाहीत. हे मी नोकरीत असताना पाहिलेलं आहे.

तुमच्या प्रस्तावासाठी

‘हे आपल्याकडे आधीच होतं’ असं लिहायचा मोह झाला, तर चार प्रश्न विचारा. साम्य नेमकं कशात आहे, एका वाक्यात सांगता येतं का? दोन्हींमध्ये माणसांचा, कागदाचा किंवा शब्दाचा काही दुवा आहे का? साम्य कुठे तुटतं? आणि ती पद्धत सुरू करणारा माणूस गेल्यावर तिचं काय झालं? पहिल्या प्रश्नावर थांबलात तर हातात बढाई राहते. चौथ्यापर्यंत गेलात तर कदाचित प्रबंधाचा विषय मिळतो. मला तरी तसाच मिळाला.

माझ्या प्रस्तावातलं ते वाक्य आता असं आहे: ‘नगरच्या कलेक्टर कचेरीत १९८०च्या दशकात रूढ झालेली सहा गठ्ठ्यांची पद्धत आणि सॉफ्टवेअरमधलं कानबान ही अदृश्य कामाच्या एकाच अडचणीवरची दोन स्वतंत्र उत्तरं आहेत, त्यांच्या टिकण्या-न टिकण्याची कारणं हा या अभ्यासाचा विषय आहे.’ पहिल्यापेक्षा लांब आहे, ऐकायला कमी भारी आहे. मार्गदर्शकांनी या वेळी समासात काहीच लिहिलं नाही. फक्त पान उलटलं.