संख्याबोध (बालवयातील)

समूहात वस्तू किती आहेत हे जाणणे आणि ती जाण अंकशब्दांशी जोडता येणे, म्हणजे संख्याबोध. अंक म्हणता येणे ही त्याची पूर्वतयारी असते. प्रत्यक्ष बोध बऱ्याच महिन्यांनी होतो.

तीन वर्षांचे मूल पाच चिंचोक्यांवर बोट ठेवत ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ म्हणते. पण ‘मग किती झाले?’ असे विचारले की पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. ‘पाच’ हे शेवटच्या चिंचोक्याचे नाव नसून सगळ्या चिंचोक्यांची मोजदाद आहे, हे त्याला उमगलेले नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ करेन विन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांकडे ठरावीक संख्येने वस्तू मागितल्या. एक वस्तू अचूक देणारे मूल दोन मागितल्यावर मूठभर उचलते. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतो, मग ‘तीन’. पुढे साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास मोजणीचे मर्मच गवसते आणि मोठ्या संख्याही मोजून देता येतात. बालपणातील ही फार मोठी झेप आहे, आणि ती घरात सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९४१ मध्ये दाखवले की, दोन सारख्या रांगांपैकी एक पसरून ठेवली की लहान मुले तीत वस्तू जास्त आहेत असे म्हणतात. हा भ्रम सहा-सात वर्षांच्या सुमारास सुटतो. मात्र १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी ती रांग खेळण्यातल्या एका खोडकर अस्वलाकडून विस्कटवली, तेव्हा बरीच अधिक मुले बरोबर उत्तरली. मोठ्या माणसाने मुद्दाम रांग बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मूल गोंधळते. पियाजे यांनी मुलांची समज कमीच लेखली, असे म्हणावे लागते.

मराठी मुलांपुढे भाषेची एक अडचण असते. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी येतो, म्हणून मूल ५२ लिहून बसते. ‘एकोणसाठ’मध्ये तर पन्नासही नाही आणि नऊही नाही, साठाला एक कमी एवढेच आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले ते याच कारणाने, आणि त्यावर मोठा वाद झाला. वर्गात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हाताळायला दिल्या, तर दोन गठ्ठे आणि पाच सुट्या हे २५ चे रूप शब्दाच्या क्रमावर अवलंबून राहत नाही.