‘डुप्लिकेट’ चिपची गोष्ट

१९९९ साली बाबांबरोबर लॅमिंग्टन रोडला आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर घ्यायला गेलो होतो. असेंबल्डच, कारण ब्रँडेड परवडणारा नव्हता. दुकानदाराने दोन कोटेशन लिहून दिली. एक इंटेल पेंटियमचं, दुसरं एएमडी के-६-२ चं, पाच-सहा हजारांनी स्वस्त. फरक विचारला तर म्हणाला, “साहेब, ते ओरिजिनल, हे डुप्लिकेट.” बाबांनी डुप्लिकेट घेतलं. माझं अख्खं इंजिनीअरिंग त्यावर पार पडलं.

दुकानदार अर्धा बरोबर होता, हे खूप नंतर वाचताना कळलं.

इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. दोन्ही काढणारी मंडळी एकाच फेअरचाइल्ड कंपनीतून बाहेर पडलेली. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला, त्यात इंटेलची ८०८८ चिप. पण आयबीएमची अट होती की हीच चिप बनवणारा दुसरा पुरवठादारही पाहिजे. उद्या एकाचं उत्पादन अडलं तर आम्ही काय करायचं? म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार करून स्वतःच्या चिप बनवायची परवानगी दिली. म्हणजे डुप्लिकेट खरंच, पण मूळ मालकाच्या सहीचं! आणि ते इंटेलच्या चांगुलपणामुळे नव्हे, तर गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून.

१९८५ ला ३८६ चिप आली आणि इंटेलने हात आखडता घेतला. तोवर पीसी बनवणारे इतरही उभे राहिले होते. ३८६ वाला पीसी तर आयबीएमच्या आधी कॉम्पॅकनेच आणला. अट घालणाऱ्याचा वट कमी झाला, मग डिझाइन कशाला वाटायचं? भांडण लवादाकडे गेलं, तिथून कोर्टात. एएमडीने तोवर स्वतःची ३८६ तयार करून १९९१ मध्ये विकायला काढली. ‘३८६’ हा आकडा आमचा ट्रेडमार्क आहे, असं इंटेलचं म्हणणं होतं. कोर्टाने ते मानलं नाही. मग १९९३ मध्ये पुढच्या चिपला आकड्याऐवजी नाव मिळालं: पेंटियम. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या ‘ओरिजिनल’चं नावसुद्धा असं डुप्लिकेटमुळे पडलेलं.

त्या पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच डिझाइनमधून के-६ निघाली. आमच्या के-६-२ ची थोरली बहीण.

२००३ नंतर तर गंमतच झाली. ६४-बिटसाठी इंटेलने आयटेनियम नावाची वेगळीच वाट धरली होती. एएमडीने जुनीच वाट रुंद केली, म्हणजे जुने प्रोग्रॅम चालत राहतील अशी. लोकांनी तीच उचलली आणि २००४ मध्ये इंटेललाही ती घ्यावी लागली. आज इंटेलच्या लॅपटॉपसाठी उबुंटू डाउनलोड करा, फाइलच्या नावात ‘एएमडी-६४’ लिहिलेलं दिसेल. आता डुप्लिकेट कोण?

कोर्टबाजी सुरूच राहिली. इंटेल पीसी कंपन्यांना सवलती देऊन आपल्याला बाहेर ठेवते, असा दावा एएमडीने २००५ मध्ये लावला. २००९ मध्ये इंटेलने १२५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला, आणि त्याच समझोत्यात एकमेकांची पेटंट वापरायचा करारही नव्याने केला. भांडतात, पण एकमेकांच्या पेटंटशिवाय दोघांचंही चालत नाही.

ग्राफिक्स चिपमध्ये मात्र अशी अट घालणारं आयबीएम कधी आलंच नाही. एनव्हिडियाने २००७ मध्ये कूडा आणलं. त्यात लिहिलेला प्रोग्रॅम एनव्हिडियाच्याच चिपसाठी असतो, दुसऱ्याच्या चिपवर न्यायचा तर काम परत करा. हीच एनव्हिडिया पूर्वी लायसन्सवरून इंटेलशी कोर्टात लढली, २०११ मध्ये इंटेलकडून १५० कोटी डॉलर घेतले. २०२५ मध्ये तिनेच इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर गुंतवायचं जाहीर केलं.

हे आपल्या पैशापर्यंत येतं बरं का. मार्च २०२४ मध्ये केंद्राने इंडिया एआय मिशनला सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले, त्यातला मोठा भाग अशाच चिपच्या सोयीसाठी. पुरवठ्याच्या यादीत एएमडी आहे, इंटेलही आहे. पण भरणा एनव्हिडियाचा. कूडावर लिहिलेलं काम उद्या दुसऱ्या चिपवर न्यायचं झालं तर तो खर्च कोणाच्या खात्यात पडणार, हे त्या यादीवरून कळत नाही.