किसपेप्टिनच्या वंशावळीतील अ‍ॅशबर्न

किसपेप्टिन या संप्रेरकाची जन्मकथा शास्त्रीय वर्तुळात इतकी रूढ झाली आहे की तिच्यासाठी येथे फार जागा अडविण्याचे प्रयोजन नाही. १९९६ साली पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी, डॅनी वेल्च यांच्या प्रयोगशाळेत, त्वचेच्या कर्करोगाचा शरीरातील प्रसार रोखणारे एक जनुक सापडले आणि गावच्या ‘किसेस’ या प्रसिद्ध चॉकलेटांवरून त्याचे नाव किस-१ असे ठेवण्यात आले. शोध चालला होता सहाव्या गुणसूत्राच्या आधाराने, आणि जनुक निघाले पहिल्या गुणसूत्रावरचे. पुढे २००१ मध्ये जपान व बेल्जियम येथील संशोधकांनी या जनुकाचे संप्रेरक आणि ते स्वीकारणारा ग्राही यांची गाठ घालून दिली. आणि २००३ मध्ये पॅरिस व बॉस्टन या दोन ठिकाणांहून स्वतंत्रपणे दाखला मिळाला की हा ग्राही सदोष असला म्हणजे मुलामुलींना यौवनच प्राप्त होत नाही.

या वंशावळीत एका गावाची नोंद राहून गेली आहे, असे माझे म्हणणे आहे. ते गाव म्हणजे व्हर्जिनियाच्या लाउडन परगण्यातील अ‍ॅशबर्न. डेटा सेंटरांचे गाव म्हणूनच जग त्याला ओळखते. परंतु येथेच, पोटोमॅक नदीच्या काठी, हॉवर्ड ह्यूझ वैद्यकीय संस्थेने २००६ साली उघडलेली जनेलिया ही संशोधनशाळा आहे, आणि २०१३ साली तिच्यातून जीकॅम्प-६ नावाचा एक प्रकाशमान रेणू जगापुढे आला. या रेणूचे कूळही मोठे विलक्षण आहे. जेलीफिशच्या अंगातील हिरवे चकाकणारे प्रथिन, कॅल्शियमला बिलगणारे कॅल्मोड्युलिन, आणि स्नायूंतील एका प्रथिनाचा लहानसा तुकडा, अशी तिघांची सोयरीक जुनिची नाकाई यांनी २००१ साली जपानात प्रथम जुळविली. पण त्या पहिल्या रेणूचा उजेड फार मंद होता. मज्जापेशी चेतली की तिच्यात कॅल्शियम शिरते आणि रेणू उजळतो, हे तत्त्व तेच ठेवून अ‍ॅशबर्नच्या संशोधकांनी त्याची असंख्य रूपे घडवून तपासली, आणि जे रूप सर्वांत संवेदनशील ठरले ते मुक्तहस्ताने जगभर वाटले.

आता याचा प्रजननाशी संबंध कसा, ते पाहू. पिट्सबर्ग येथे अर्न्स्ट नोबिल यांनी १९७८ साली वानरांवर सिद्ध केले होते की मेंदूतून पीयूषिका ग्रंथीला जाणारे जीएनआरएच हे संप्रेरक तासातून एकदा, थोडा वेळ दिले तर ग्रंथी हुकूम मानते, आणि तेच अखंड धारेने दिले तर तिचे कामच थंडावते. म्हणजे सारा कारभार स्पंदांवर चालतो. ही स्पंदने देणारा कोण, यावर पुढील चार दशके वाद माजला. एका पक्षाचे म्हणणे असे की जीएनआरएचच्या पेशी स्वतःच तालात चालतात, कारण परीक्षापात्रात वाढविल्यावरही त्या तशाच स्पंद पावताना दिसतात. हा पक्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि शरीराबाहेर एकाकी पडलेल्या पेशीने जो ताल धरला, तोच ताल नांदत्या शरीरात तिची सत्ता सिद्ध करतो, हे मला मान्य होत नाही.

हा ताल किसपेप्टिनच्या पेशी देतात हे ठरविण्याचे श्रेय मागणारा दुसरा प्रतिस्पर्धी, म्हणजे विद्युत्-तार, अधिक बलवान आहे. नोबिल यांच्याच मंडळींनी विद्युत्-तारा मेंदूच्या तळाशी घालून स्पंदांच्या वेळी होणारा पेशींचा कल्लोळ ऐकला होता, आणि २००९ च्या सुमारास जपानी संशोधकांनी शेळ्यांमध्ये तोच कल्लोळ किसपेप्टिनच्या पेशींच्या अगदी शेजारी टिपला. मग नवे ते काय राहिले? राहिले हे की तार शेजार सांगते, नाव सांगत नाही. त्या गर्दीत बोलणारी पेशी किसपेप्टिनचीच होती की तिच्या बाजूची, याचा निवाडा तारेने होत नाही. तो झाला २०१७ साली न्यूझीलंडमध्ये, अ‍ॅलन हर्बिसन यांच्या प्रयोगशाळेत. तेथे अ‍ॅशबर्नचा रेणू उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या आर्क्युएट केंद्रकातील किसपेप्टिनच्या पेशींमध्येच, अन्य कोठेही नाही, अशा युक्तीने बसविण्यात आला आणि प्रकाशतंतूने पाहण्यात आले. जननग्रंथी काढलेल्या उंदरांत त्या साऱ्या पेशी एकदम, सुमारे मिनिटभर, कधी कधी दर नऊ मिनिटांनी उजळत होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक उजळण्यापाठोपाठ रक्तात पीयूषिकेच्या एलएच या संप्रेरकाचा स्पंद उमटत होता. प्रकाशाने त्याच पेशी मुद्दाम चेतविल्या तर स्पंद निघे. दाबल्या तर थांबे. इतकी स्वच्छ साक्ष या खटल्यात पूर्वी कोणी दिलेली नव्हती.

साधनाला पूर्वजाचा मान कसा द्यावा, असा आक्षेप येईल. माझे उत्तर असे की हर्शीत जन्मलेले किसपेप्टिन कर्करोगाच्या दप्तरातील एक नोंद होते. २००३ साली ते यौवनाची अट ठरले. पण प्रजननाचा ताल धरणारे म्हणून त्याची ओळख निर्विवादपणे पटली ती या उजेडातच, आणि म्हणून ज्या गावी तो उजेड घडला त्याचा हक्क मी सोडू इच्छीत नाही. स्त्रीबीज सुटण्यापूर्वीची एलएचची मोठी लाट मात्र उंदरांत निराळ्या केंद्रकातील किसपेप्टिन-पेशी उठवितात. मानवात ते कामही आर्क्युएटच करीत असावे, असे मी मानतो.

रोग्याच्या दृष्टीने या साऱ्याचे मोल दोन ठिकाणी प्रत्ययास येते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात वलजित धिल्लो यांच्या चमूने २०१४ साली दाखविले की प्रयोगशाळेतील गर्भधारणेच्या उपचारांत किसपेप्टिनच्या एका टोचणीने स्त्रीबीजे परिपक्व होतात. आणि पाळी गेल्यावर आपल्या आयाबहिणींच्या अंगातून ज्या वाफा निघतात, त्यांचे मूळही आर्क्युएटमधील याच पेशींत आहे: इस्ट्रोजेनचा अंकुश सुटला की त्या फुगतात, हे अ‍ॅरिझोनाच्या नाओमी रान्स यांनी १९९० च्या सुमारास पाहिले होते. याच पेशींतून किसपेप्टिनसोबत निघणाऱ्या न्यूरोकिनिन-बीचा ग्राही बंद करणारे फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ च्या मे महिन्यात मंजूर झाले. त्या औषधाचे श्रेय अ‍ॅशबर्नचे नव्हे, ते रान्स यांचे आणि त्यांच्या मागोमाग चाललेल्यांचे आहे.