तळटीप : ‘ओ गेज’चे इंजिन

* ओ गेज – रुळांमध्ये ३२ मिमी अंतर असलेली प्रतिकृती रेल्वे; ब्रिटिश प्रमाण १:४३.५, अमेरिकी १:४८. उदाहरणार्थ, डोंगरकड्याला (ता. कळमनुरी) जवळचा मार्ग वसमत-हिंगोलीवरून जाणारा पूर्णा–अकोला, तो मीटर गेजचा होता, २००८च्या सुमारास ब्रॉड गेज झाला. ब्रिटिश प्रमाणात मीटर गेज २३ मिमी भरते, आपले ब्रॉड गेज साडेअडतीस. म्हणजे या मार्गावरचे जुने वा नवे कोणतेच इंजिन ३२ मिमीच्या रुळावर हुबेहूब उतरत नाही; प्रतिकृती करणाऱ्याने ही तडजोड आधीच पत्करावी.

वीज रुळातून मोटारीत येते. त्यामुळे इंजिन अडखळले, तर मोटार खोलण्यापूर्वी रूळ आणि चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. पॉलिश पेपर मुळीच नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी साचतो. आसाच्या टोकांना सुईच्या अग्रावरचे थेंबभर तेल पुरे; जास्तीचे चाकांवर उतरून धूळ धरते. पुण्यात कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय (१९९८) याहून लहान, १:८७ प्रमाणाचे आहे. तरी चालती प्रतिकृती पाहायला वाचकांनी तिथे अवश्य जावे. – संपादक