गडावरील टाकीं व त्यांचा काळ
खुटबावच्या दक्षिण अंगास भुलेश्वराचा डोंगर आहे. आदिलशाहींतील मुरार जगदेव यानें त्यावर दौलतमंगळ किल्ला बांधिला. अशा उंचावर शिबंदीनें प्यावें काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें इ. स. १७१५-१६) याचें उत्तर आहे. एका झऱ्यावर विसंबूं नये. खडक फोडून तळीं-टाकीं अशीं करावीं कीं पुढील पर्जन्यकाळापर्यंत पाणी पुरावें. कारण, युद्धांत तोफांच्या आवाजानें झरे कमी होतात व पाण्याचा खर्च वाढतो. पैकीं पहिल्या कारणाविषयीं आम्ही साशंक आहों, दुसऱ्याविषयीं नाहीं.

तथापि ही विद्या गडकऱ्यांनीं काढिलेली नव्हे. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत ‘पोढि’ म्हणजे टाकें दान दिल्याच्या नोंदी आहेत. खुद्द शिवनेरीच्या अंगांतही लेणीं कोरलेलीं आहेत. तेव्हां गडावरील प्रत्येक टाकें सरसकट शिवकालीन म्हणून नोंदविणें आम्हांस मान्य नाहीं.